करवंटीतले अकरा एकर

एका करवंटीचा हिशेब मांडू या. चांगल्या भरलेल्या बाणवली जातीच्या नारळाची सुकी करवंटी साधारण १५० ग्रॅम भरते. हवा कोंडून तिचा कोळसा केला तर हाती ४० ग्रॅमच्या आसपास उरतं, आणि त्यात निव्वळ कार्बन ३५ ग्रॅम धरायला हरकत नाही. आता समजा, हा सगळा कार्बन एका अणूच्या जाडीचा पत्रा करून पसरता आला. असा पत्रा चौरस मीटरला ०.७७ मिलिग्रॅम भरतो. भागाकार केला की उत्तर येतं ४५,००० चौरस मीटर. म्हणजे ११ एकर. रत्नागिरीत ११ एकर सलग जमीन घ्यायला निघालं तर सातबाऱ्यावर किती नावं निघतील देव जाणे. इथे एका नारळात काम होतंय.

कागदावर होतंय, एवढंच. एका अणूच्या जाडीच्या या पत्र्याला ग्राफीन म्हणतात. ‘नारळाच्या करवंटीपासून ग्राफीन’ अशी बातमी अधूनमधून येते आणि कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर दोन दिवस फिरते. बातमी खोटी नसते, पण वाचणाऱ्याला वाटतं तेवढी खरीही नसते. करवंटीत माल आहे, त्याची मांडणी नाही. आणि ग्राफीनची सगळी किंमत मांडणीची आहे, मालाची नाही.

हा माल ज्या नारळातून येतो, त्याच्याकडे आधी पाहू. रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याला लागलं की काजळी नदीच्या मुखावरचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की भाट्ये. लांबलचक पुळण, तिच्या कडेनं सुरूचं बन, आणि जवळच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. हे केंद्र १९५५ सालचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, ज्याच्या अखत्यारीत ते आज आहे, ते १९७२ मध्ये निघालं. म्हणजे केंद्र विद्यापीठाहून थोरलं. ‘प्रताप’ ही नारळाची जात १९८७ मध्ये इथूनच पुढे आली. नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ, केळी, अननस लावून एकाच आगरातून चार-पाच पिकं काढायची ‘लाखी बाग’ही भाट्याचीच देणगी. नारळाच्या जातीची ओळख करून देताना वर्षाला फळं किती, खोबरं किती ग्रॅम, तेल किती टक्के, हे आकडे आधी येतात. करवंटी आपली न्हाणीतल्या बंबाखाली जाते, सोडणाच्या जोडीनं.

ग्राफीनची गोष्ट मात्र करवंटीपासून सुरू होत नाही, पेन्सिलीपासून होते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे पत्रे एकावर एक रचलेले. प्रत्येक पत्र्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात, शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, आणि एका पत्र्यापासून दुसरा पत्रा ०.३३५ नॅनोमीटरवर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हा एक मिलिमीटर जाड ग्रॅफाइटमध्ये असे ३० लाख पत्रे झाले. पत्र्याच्या आतला बंध जबर, पण पत्र्या-पत्र्यामधला बंध अगदी कमजोर. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते: लिहिताना आपण पत्र्यांचे जुडगेच्या जुडगे खाली घसरवत असतो.

यातला एकटा पत्रा कसा वागेल याचं गणित कॅनेडियन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पण असा एकटा पत्रा टिकणार नाही, वळून गुंडाळून जाईल, असंच बहुतेकांचं मत. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी ग्रॅफाइटच्या तुकड्याला चिकटपट्टी लावून ओढली, पट्टीवर आलेला थर दुसऱ्या पट्टीनं पुन्हा ओढला, असं करत करत थर पातळ केला आणि सिलिकॉनच्या चकतीवर दाबला. त्या चकतीवर सिलिकॉन ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा लेप होता. ही जाडी महत्त्वाची. तेवढ्याच जाडीवर प्रकाशाचा असा खेळ होतो की एका अणूचा पत्राही साध्या सूक्ष्मदर्शकात फिकट डागासारखा दिसतो. लेपाची जाडी थोडी इकडेतिकडे असती तर पत्रा तिथेच असता आणि कुणाला दिसला नसता. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

मग मोजमापांची रीघ लागली. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं ग्राफीनला सूक्ष्म सुईनं टोचून त्याची ताकद मोजली. १३० गिगापास्कल, म्हणजे चांगल्या पोलादाच्या शंभरपटीच्या घरात. नोबेल समितीनं त्याचं चित्र असं काढलं: एक चौरस मीटर ग्राफीनचा झोपाळा बांधला तर त्यात चार किलोचं मांजर निजू शकेल, आणि झोपाळ्याचं वजन मांजराच्या एका मिशीएवढं असेल. उष्णता वाहून नेण्यात ते तांब्याच्या दहापटीहून सरस ठरलं. त्याच वर्षी राहुल रवींद्रन नायर या मँचेस्टरमधल्या केरळी संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका पत्र्यात जेमतेम २.३ टक्के प्रकाश अडतो, बाकीचा आरपार जातो. सर्वांत लहान वायू हेलियम, तोही निर्दोष ग्राफीनमधून पार होत नाही. आणि विजेचे कण त्यातून इतके सुसाट जातात की सिलिकॉन मागे पडतं.

इथे एक गोष्ट लगेच सांगायला हवी, कारण ‘आता सिलिकॉनचे दिवस भरले’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहून टाकलं होतं. संगणकाच्या चिपमधला ट्रान्झिस्टर चालू व्हायला हवा तसा बंदही व्हायला हवा. ग्राफीन नीट बंदच होत नाही; वीज अडवण्यासाठी लागणारी ऊर्जेची दरी त्याच्यात नाही. तेव्हा तो एक दरवाजा बराचसा मिटला. उरले ते उपयोग म्हणजे बॅटरी, लेप, रबर, प्लॅस्टिक, काँक्रीट, संवेदक, उष्णता काढून घेणाऱ्या पट्ट्या. यातल्या बहुतेकांना किलोनं आणि टनानं माल लागतो. चिकटपट्टीनं एका दुपारी जे निघतं ते डोळ्यांनाही दिसत नाही.

आता करवंटीकडे येऊ. करवंटीचा कोळसा करायची गावठी पद्धत म्हणजे तेलाचं रिकामं पिंप. खालच्या बाजूला भोकं पाडायची, तळाशी थोड्या करवंट्या पेटवायच्या, वरून भरत जायचं. सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो. त्यात पाण्याची वाफ, डांबरासारखं तेल आणि आंबूस वास असतो. जाळ वर चढेल तशी खालची भोकं मातीनं लिंपत जायचं. धूर विरळ आणि निळसर झाला की झाकण घालून तेही लिंपायचं आणि रात्रभर थंड होऊ द्यायचं. हवा आत राहिली तर सकाळी कोळशाऐवजी राख मिळते. चांगला उतरलेला कोळसा फरशीवर टाकला की टणकन वाजतो, आणि मोडला की तुटलेल्या कडेला चकाकी दिसते.

ती चकाकी फसवी आहे. घरात मल्टिमीटर असेल तर पेन्सिलीच्या शिशाच्या दोन टोकांना तारा टेकवा; वीज सहज जाते. पिंपातल्या कोळशाला टेकवा. काटा बहुधा हलतच नाही. दोन्ही कार्बनच. हाच कोळसा ९०० अंशांच्या वर तापवला तर तोही वीज नेऊ लागतो, कारण आतले छोटे छोटे षटकोनी तुकडे वाढून एकमेकांना भिडतात. मग आणखी तापवत गेलं, २५००, ३००० अंशांपर्यंत, तर त्याचं ग्रॅफाइट होईल का?

होत नाही. आणि हे शोधून काढणाऱ्या बाईंचं नाव आपल्याला भलत्याच कारणासाठी माहीत आहे. रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरणांनी टिपलेली डीएनएची छबी सर्वांना ठाऊक असते. त्याआधी पॅरिसमध्ये त्या कोळशावर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी लिहिलं की कार्बनचे दोन वाण आहेत. एक तापवला की ग्रॅफाइट होतो, दुसरा कितीही तापवला तरी होत नाही. डांबर किंवा पेट्रोलियमचा कोक पहिल्या वाणाचा; तो तापताना आधी पातळ होतो, त्या पातळपणात पत्र्यांना सरकून नीट एकावर एक बसायला सवड मिळते. साखरेचा कोळसा दुसऱ्या वाणाचा, आणि करवंटीचाही. करवंटीतलं लिग्निन आणि सेल्युलोज वितळत नाही, जागच्या जागी करपून कोळसा होतं. ग्रॅफाइट हा पत्त्यांचा नवा कोरा कॅट धरला, तर करवंटीचा कोळसा म्हणजे तेच पत्ते फाडून, चुरगाळून, मध्ये मध्ये डिंक लावून डब्यात कोंबलेले. वरून कितीही इस्त्री फिरवा, कॅट परत जुळत नाही.

हा फरक नजरेला दिसत नाही; तो दाखवायला भारतीय माणसाचाच शोध कामी येतो. २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामावर चालणाऱ्या यंत्रात नमुन्यावर लेसर टाकतात आणि परतलेल्या प्रकाशाचा आलेख काढतात. ग्राफीनच्या एकट्या पत्र्याच्या आलेखात १५८० या अंकाजवळ एक सुबक टोक असतं आणि २७०० च्या सुमारास त्याहून उंच, एकच धारदार टोक. करवंटीच्या कोळशाच्या आलेखात १३५० आणि १५८० जवळ दोन बसकी टेकाडं एकमेकांत मिसळलेली असतात, आणि २७०० जवळ जवळजवळ सपाटी. १३५० चं टेकाड म्हणजे मोडतोडीची खूण. ‘करवंटीतून ग्राफीन’ म्हणणाऱ्या कुणाकडेही आधी हा आलेख मागावा.

मोडक्या पत्त्यांतून कॅट जुळवण्याची एक युक्ती मात्र आहे: लोखंड. तापलेल्या लोखंडाच्या बारीक कणांत कार्बन विरघळतो आणि दुसऱ्या बाजूनं तो पत्र्याच्या रूपात बाहेर पडतो. म्हणजे वितळण्याचं जे काम करवंटी स्वतः करत नाही, ते लोखंड तिच्या वतीनं करतं, तेही हजार अंशांच्या आत. २०१३ मध्ये चीनच्या हेइलाँगजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी करवंटीत लोखंडाचं आणि जस्ताचं क्लोराइड मुरवून ती एकाच वेळी भाजली. लोखंडानं पत्रे घडवले, जस्तानं छिद्रं पाडली. हाती आलेल्या मालाला त्यांनी प्रामाणिकपणे ‘ग्राफीनसदृश’ म्हटलं. एका ग्रॅमला १,८७४ चौरस मीटर पृष्ठभाग असलेला हा माल सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट देणाऱ्या साधनासाठी, उत्तम निघाला. पण नंतर ते लोखंड आम्लानं धुऊन काढावं लागतं, आणि बातम्यांत हे धुणं कधी येत नाही.

धुणं हाच मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनातला खरा अडसर. ग्राफीनचा सर्वांत रुळलेला रासायनिक मार्ग हमर्स आणि ऑफमन यांच्या १९५८ च्या कृतीवरून आला आहे. त्यांची कृती अशी: १०० ग्रॅम ग्रॅफाइट, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि सव्वादोन लिटरहून जास्त जहाल गंधकाम्ल. या मिश्रणानं पत्र्यांच्या मध्ये ऑक्सिजन घुसतो, पत्रे फुगतात आणि पाण्यात सुटे होतात. मिळतं ते ग्राफीन ऑक्साइड. ते वीज नेत नाही. मग ऑक्सिजन काढायचा, तो काढताना जाळीला भोकं पडतात, आणि ती पुरती भरून येत नाहीत. शिवाय १०० ग्रॅमच्या पायी सव्वादोन लिटरहून जास्त आम्ल आणि ते निवळेपर्यंत कित्येक पट धुवण. लोटे-परशुरामच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं केलेली ओरड ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी कोकणात ग्राफीनचा कारखाना मागण्याआधी कोणत्या पद्धतीचा, हे जरूर विचारावं.

आम्ल टाळायचं तर पत्रे नुसते घुसळून सुटे करता येतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जॉनथन कोलमन यांच्या गटानं २०१४ मध्ये स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरमध्ये पाणी, ग्रॅफाइट आणि भांड्याचा साबण घालून हे करून दाखवलं. थोडे पत्रे सुटतात, बाकीचे जाड राहतात, ते गाळून वेगळे करावे लागतात. टनावारी माल काढायला ही पद्धत बरी, पण पत्रे लहान आणि जाडीला कमी-अधिक.

मोठा, सलग, एकाच अणूचा पत्रा हवा तर तो खालून वर घडवावा लागतो. आणि या कामात आपल्याकडचा एक धागा आहे, तोही देवघरातल्या वस्तूचा. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन कापूर आणि वनस्पतिजन्य पदार्थांपासून नॅनोकार्बन बनवण्याच्या मागे कित्येक वर्षं होते. २००६ मध्ये जपानच्या चुबू विद्यापीठात प्रकाश सोमाणी, मासायोशी उमेनो आणि सहकाऱ्यांनी कापूर १८० अंशांवर उडवून त्याची वाफ सातशे-आठशे अंशांवर तापलेल्या निकेलच्या पत्र्यावर सोडली आणि त्यावर ग्रॅफाइटचे पातळ सपाट थर मिळवले. थर पस्तीसच्या आसपास होते, म्हणजे ग्राफीन म्हणायला जाडच. पण वायूतून पत्रा जमवण्याच्या पद्धतीनं ग्राफीन करण्याच्या इतिहासात हा निबंध पहिल्या पायरीवर उद्धृत होतो. सोमाणींनी पुढे पुण्यात स्वतःची कंपनी काढली. आरतीच्या तबकात काजळी धरणाऱ्या कापराला एवढं भविष्य असेल, हे आपल्या आज्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं.

पस्तीसाचा एक कसा झाला, तर धातू बदलून. निकेलमध्ये कार्बन बराच विरघळतो आणि थंड होताना जाडाजाडा बाहेर येतो. तांब्यात तो जवळपास विरघळतच नाही. २००९ मध्ये टेक्ससमधल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटानं तांब्याच्या पातळ पत्र्यावर हजार अंशांना मिथेन सोडला. तांब्याच्या पृष्ठभागावर मिथेन फुटतो, कार्बन जाळीत बसतो, आणि एकदा सगळं तांबं झाकलं गेलं की मिथेन फोडायला उघडं तांबं उरत नाही. काम आपोआप थांबतं, एका थरावर. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात ३० इंची पत्रा रुळांवरून काढून दाखवला गेला. प्रश्न सुटला असं वाटलं.

मग तो तांब्यावरून सोडवायचा प्रश्न आला. पत्र्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं, पाण्यावर तरंगणारं लेपासकटचं ग्राफीन हव्या त्या काचेवर किंवा सिलिकॉनवर अलगद उचलून घ्यायचं, आणि शेवटी प्लॅस्टिक धुऊन काढायचं. प्रत्येक पायरीला सुरकुती पडते, चीर जाते, प्लॅस्टिकचा अंश चिकटून राहतो. शिवाय तांब्यावर जाळी एका जागी उगवत नाही. शेकडो ठिकाणी एकदम सुरू होते, आणि ते तुकडे जिथे भेटतात तिथे षटकोनांच्या जागी पंचकोन, सप्तकोन होऊन सांधे राहतात. प्रयोगशाळेत एका निवडक तुकड्यावर मोजलेले ते सगळे डोळे दिपवणारे आकडे कारखान्यातल्या पत्र्यावर पुरे का उतरत नाहीत, याचं उत्तर या सांध्यांत आणि सुरकुत्यांत आहे.

बाजारात पावडर म्हणून मिळणाऱ्या ग्राफीनची गत याहून वाईट. २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं जगभरच्या ६० कंपन्यांचे नमुने तपासले. दहापर्यंत थर असलेला माल ग्राफीनमध्ये धरायचा, एवढी सवलत देऊनही बहुतेकांच्या डब्यात खरं ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघालं, आणि निम्म्याहून जास्त एकाच्याही नाही. उरलेलं बारीक दळलेलं ग्रॅफाइट. दुधात पाणी किती हे बघायला डेअरीत निदान लॅक्टोमीटर तरी असतो. या शोधनिबंधानंतर घेणारे शहाणे झाले, पण तोवर ‘ग्राफीन घालून बघितलं, काही फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती. त्यांनी ग्राफीन घातलंच नव्हतं.

खरं घातलं आणि नीट मिसळलं तर थोडक्यात काम होतं, हेही सिद्ध आहे. फोर्ड कंपनीनं २०१८ पासून मोटारींच्या इंजिनाभोवतीच्या फोमच्या भागांत अर्ध्या टक्क्याहून कमी ग्राफीन घालायला सुरुवात केली. आवाज कमी झाला, भाग जास्त उष्णता सोसू लागले. आपल्याकडे टाटा स्टील जमशेदपूरला ग्राफीन काढते. केरळात एर्नाकुलमला तिथलं डिजिटल विद्यापीठ आणि सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था मिळून ग्राफीनचं केंद्र चालवतात, टाटा स्टील त्यात भागीदार. नारळात केरळ पुढे होताच.

कचऱ्यातल्या कार्बनला आशा दाखवणारी पद्धत २०२० मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातून आली. जेम्स टूर यांनी याआधी बिस्किटं, गवत आणि झुरळाचा पाय यांपासूनही ग्राफीन काढून दाखवलं होतं. माल कुठलाही चालतो हे पटवण्याची ही त्यांची तऱ्हा. नव्या पद्धतीत कोळशाची पूड काचेच्या नळीत दाबतात, दोन्ही टोकांना विजेचे अग्र लावतात आणि जबर प्रवाहाचा एक झटका देतात. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पूड २७०० अंशांवर जाते आणि लगेच निवते. ना आम्ल, ना भट्टी. वीज लागते ग्रॅमला ७.२ किलोज्यूल, म्हणजे किलोला दोन युनिट. फ्रँकलिनबाईंच्या दुसऱ्या वाणाचा कोळसाही यात पत्र्यांत बदलतो, पण पत्रे एकमेकांवर वेडेवाकडे बसलेले. काँक्रीट, रबर, रंग यांना ते चालतं, किंबहुना असे पत्रे लवकर सुटे होतात म्हणून बरंच. चिपला आणि पडद्याला नाही.

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत असं झालं आहे की करवंटीला ग्राफीन बनवायचा हट्ट सोडावा. तिचा गुण नेमका चुरगाळलेपणात आहे. कोळशावर ९०० अंशांना वाफ सोडली की वाफ कार्बन खात खात आत शिरते आणि भोकंच भोकं करते. याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा असा कोळसा होता, आज घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये आहे. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार ते दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग सहज मिळतो. ग्राफीनचा, दोन्ही बाजू धरून, सैद्धांतिक कमाल आकडा आहे २,६३०. म्हणजे त्या अकरा एकरांतला बराच मोठा वाटा करवंटी तांबं, निकेल, आम्ल यांच्याशिवाय देऊन टाकते. फक्त तो वाटा सपाट नसतो. सुपरकपॅसिटरला सपाटी नको, पृष्ठभाग हवा. जपानची कुरारे कंपनी त्यासाठीचा कार्बन करवंटीपासूनच बनवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं २०१३ मध्ये गळून पडलेल्या कडुलिंबाच्या पानांतून, वेगळी वाफ किंवा रसायन न वापरता, असाच कार्बन काढला होता. पानांतले क्षारच भोकं पाडायचं काम करतात.

दुसरं गिऱ्हाईक याहून मोठं असू शकतं. लिथियमच्या बॅटरीत ऋण टोकाला ग्रॅफाइट असतं. सोडियमची बॅटरी करायची तर ग्रॅफाइट निरुपयोगी; सोडियम त्याच्या पत्र्यांत नीट शिरत नाही. त्याला अंतर जास्त असलेले, वेडेवाकडे पत्रे आणि मध्ये बारीक पोकळ्या हव्यात. म्हणजे पुन्हा दुसरा वाण, ज्याला हार्ड कार्बन म्हणतात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्यामागे आयसर पुणे आणि तिथे गेलेले ओगले यांच्याबरोबरचं संशोधन होतं.

मग कोकणातून करवंटी का जात नाही? कारण ती कोकणात राहतच नाही. तमिळनाडू-केरळात खोबरं काढणारे कारखाने आहेत, तिथे करवंटीचा ढीग एका जागी पडतो. आपला नारळ बहुतेक अख्खा विकला जातो. तो मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत आणि देवळांच्या पायऱ्यांवर फुटतो, आणि करवंटी तिथल्या ओल्या कचऱ्यात जाते. शहाळ्याची करवंटी कोवळी, तिचा धड कोळसा होत नाही. टनावारी माल हवा तर आधी तो एका जागी जमायला हवा. इथलं ‘मोठ्या प्रमाणावर उत्पादन’ टेम्पोच्या भाड्यापाशी अडतं.

जमला तरी बॅटरीवाला राखेचं प्रमाण विचारतो. नारळ हा पालाशाचा भुकेला माड. म्युरेट ऑफ पोटॅश वेळेवर घाला, असं बागायतदाराला कायम सांगितलं जातं ते त्यासाठीच. तो पालाश थोडा करवंटीतही उतरतो, आणि कोळशाच्या राखेत मुख्यतः तोच सापडतो. बॅटरीत तो नको असतो, म्हणून कोळसा आम्लानं धुवावा लागतो, आणि धुणं म्हटलं की पुन्हा खर्च आणि सांडपाणी. बाणवलीच्या करवंटीत राख किती, प्रतापच्या किती, भाट्याचं नाव घेतलेल्या संकरित जातीत किती, करवंटी कुणाची जाड, खारट पुळणीतल्या माडाची आणि आत डोंगरउतारावरच्या माडाची करवंटी सारखीच की वेगळी, हे आकडे ज्याच्या हातात असतील त्याला भाव सांगता येईल. खोबरं आणि तेल नोंदवणाऱ्या तक्त्यात हे दोन रकाने वाढवायला ना रामनचं यंत्र लागतं ना निकेलचा पत्रा. एक विजेची भट्टी आणि चार दशांशांपर्यंत तोलणारा एक तराजू पुरतो.